नऊ दिवस टिकणारा पाला

४ मार्च
लॉट ११ चा नमुना उघडला. दिवस सहावा. देठ तांबडा, कडा मऊ पडलेल्या. गेला. परत गेला!
दर लॉटमधले दोन गड्डे मी ठेवून घेते, रोज एक पान मोडून बघते. 'कट्' झालं तर जिवंत. आज नुसतं वाकलं.
हैदराबादचे शेखभाई आमचं लेट्यूस घेतात, हॉटेलांना देतात. त्यांचं एकच म्हणणं. "बहन, मेरे को नौ दिन का पत्ता होना. तीन दिन में लाल होता सो पत्ता होटलवाले मेरे मुँह पे फेंकते." चूक नाही त्यांची. पण इकडं ऊन अडतीसचं, आणि हा पाला असा नाजूक की त्याच्याकडं रागानं बघितलं तरी सुकतो. पुढच्या मोसमाचं हो-नाही ते याच महिन्यात सांगणार. नाही म्हणाले तर शेडनेट बंद आणि आम्ही आठ जणी घरी. या वर्षी शिवारात दुसरं काम आहे कुठं? सोयाबीन जळालं, तूर जळाली. गुरं छावणीत.
रीत बदलायला पाहिजे.

७ मार्च
लॉट १२. आज रीत बदलली. आजवर पाला कापून, डोक्यावर घेऊन शेडपर्यंत न्यायचो आणि मग गार करायचो. तोवर दोन तास जायचे. आज गार पाण्याचा टबच शेडनेटच्या दाराशी नेला. उजाडायच्या आत कापला, कापला की दहा मिनिटं गार पाण्यात. टबात मी बर्फ केलेल्या बाटल्या सोडल्या, बूच घट्ट लावून. मग निथळून, सुती कापडावर पसरून, भोकं पाडलेल्या पिशवीत. आणि तिथून थेट थंड खोलीत. ती खोली आप्पांची. शेत आप्पांचं, दूध डेअरीची बंद पडलेली शेड पण आप्पांचीच. दूध नाही म्हणून खोली आम्हाला.
टब सांभाळतात गोदावरीमावशी. (इथं गो.मा. लिहीन, हात दुखतो.) साठीच्या पुढच्या, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, कामाला वाघीण. मी टेबलावर प्रतवारी करते. पाण्याचं सगळं त्यांच्याकडं.

८ मार्च
गो.मा.नी तुटका पाला घरी नेला होता. आज डबा घेऊन आल्या. मुगाची डाळ घालून पातळ भाजी केली! "लई पानी सुटलं बाई. ना चव ना काही. ह्याच्यासाठी हैदराबादची मान्सं मरून राहिली व्हय?"
सगळ्या जणी पोट धरून हसल्या. मी पण. खाल्ली सुद्धा. मीठ कमी होतं.

११ मार्च
बोअर गेला. सकाळी दहा मिनिटं पाणी, मग नुसती हवा. आप्पा मोटरीकडं बघत उभे राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "उदगीर जिल्हा झाला म्हंजे आपलं काम होतंय बग." गेली दोन वर्षं पेपरात नव्या जिल्ह्याची बातमी येते आणि आप्पा कात्रण खिशात ठेवतात. आपला शिरूर अनंतपाळ तालुका त्यात जाणार का लातुरातच राहणार यावर चावडीत भांडणं. म्हटलं, आप्पा, जिल्हा नवा झाला तरी पाणी जुनंच. त्यांना आवडलं नाही.
सोय अशी ठरली: निळ्या ड्रमात फिल्टरच्या जारचं पाणी, पिण्याचं. काळ्या टाकीत टँकरचं, वापरायचं. पाल्याचा टब निळ्या ड्रमातून भरायचा. सकाळी घाईत मोठ्यानं सांगितलं सगळ्यांना.

१३ मार्च
रविवार. लॉट १४ गेला, सहा पेट्या. उदगीरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं.
शेखभाईंची काल तक्रार होती, बोअर जायच्या आधीच्या लॉट १३ ला दवाखान्यासारखा वास येतो. टबात टाकतो त्या क्लोरीनच्या गोळ्यांमुळं. मी गो.मा.ना सांगितलं, आजपासून गोळ्या निम्म्या टाका. पाणी तर फिल्टरचंच आहे, कशाला जास्त.

१५ मार्च
लॉट १२. दिवस नववा!! पान मोडलं. कट्! शेडमध्ये ओरडलेच मी. देठाला जरासा गुलाबीपणा, बाकी बाईसाहेब टवटवीत. गो.मा. धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला.
फोटो पाठवला. शेखभाईंचा लगेच फोन. "हौ बहन, अब बात बनी. एक लड़कियों का हॉस्टेल है, उसकी मेस में रोज सलाद देते. तुम्हारा पत्ता उधरीच डालता मैं."
मास्तरांना कळवलं. (मास्तर म्हणजे माझे यजमान. हिमायतनगरला झेडपीच्या शाळेत, महिन्यातून दोनदा घरी.) म्हणाले, "शाब्बास. आता तरी नीट झोप." झोप कुठली. मला आनंद झाला की भीती वाटते, हे लहानपणापासूनच.

१६ मार्च
लॉट १५, आठ पेट्या. सगळं सुरळीत. सुरळीत असलं की मला

१७ मार्च
कालचं वाक्य अर्धंच राहिलं, लाईट गेली होती.
गावात तीन घरांत जुलाब-उलट्या. आरोग्य केंद्राच्या आशाताई जलसंजीवनीच्या पुड्या वाटत फिरून राहिल्या. ऊन लागलं असेल, म्हणतात.

१८ मार्च
ऊन नाही. आता अकरा घरं. दोन लेकरं लातूरला नेली, सलाईनवर आहेत. टँकर ज्या विहिरीवर भरतात तिच्या कडेनं नाला आहे म्हणे. आरोग्यवाले आले, विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेले. टँकरचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, म्हणाले.
आमच्याकडं निळा ड्रम आहे. देवाची कृपा म्हणायची सवय नाही, पण बरं वाटलं.

१९ मार्च
जसं घडलं तसं लिहिते.
दुपारी जेवायला बसलो. मी सहज म्हटलं, बरं झालं आपण पाला फिल्टरच्या पाण्यात बुडवतो. गो.मा. भाकरी मोडत होत्या. म्हणाल्या, "फिल्टरचं कशाला? काळ्या टाकीतलं घेते की मी."
"कधीपासून?"
"बोअर गेल्यापासून. प्यायचं पानी पाल्यावर कोन वततं बाई, ह्या दिवसात? फोडनीत तर जातंय शेवटी. जंतू मरत्यात." वर कौतुकानं, "दर खेपेला दोन-दोन घागरी वाचवल्या. सगळ्याजनींनी घरी नेल्या."
बाकीच्या माना डोलावतात. खरंच नेल्या. सगळ्यांच्या घरी लेकरं त्या पाण्यावर आहेत.
मी विचारलं, मावशी, हा पाला शिजवत नाहीत, ठाऊक आहे ना? कच्चा खातात. तसाच. पानात घेऊन.
त्यांचा हात तिथंच थांबला. "कच्चा? गुरासारखा?"
कुणी हसलं नाही. आमच्याकडं मेथी, चाकवत, करडी, राजगिरा, सगळं चुलीवर चढतं. पालेभाजी म्हणजे शिजणारच. हे त्यांना कुणी सांगायचं होतं? मी. डब्याच्या दिवशी सांगायचं होतं, तेव्हा मी हसत बसले.
लॉट १४ आणि लॉट १५. चौदा पेट्या. गोळ्या निम्म्या, त्या माझ्या सांगण्यावरून. गो.मा.ना विचारलं, निम्म्या तरी टाकल्या का दोन्ही वेळा? "एकदा टाकल्या. दुसऱ्यांदा... याद न्हाई बाई."
कुठल्या वेळी, तेही याद नाही.

१९ मार्च, संध्याकाळ
ज्याची भीती वाटते ते नेमकं हे आहे. जुना पाला असता तर चौथ्या दिवशी लाल पडला असता, हॉस्टेलवाल्यांनी उचलून फेकला असता. माझा टिकतो. त्यांच्या फ्रिजमध्ये आज तो ताजा, कोवळा, हिरवागार बसलेला असेल. कुणाला शंका येणार नाही. मीच केलं हे. दोन महिने झटून केलं. अगं माय.

२० मार्च
मास्तर आले. सगळं सांगितलं. चहा गार झाला त्यांचा.
"तिकडून कुणी काही बोललं?"
नाही.
"मग गप राहा. क्लोरीन होतं थोडंफार. प्रत्येक वेळी काही होतंच असं नाही."
मी म्हटलं, मुली आहेत हो तिथं. आपल्या पोरीएवढ्या. आपली औरंगाबादला मेसमध्येच जेवते.
त्यांनी कप बाजूला सरकवला. मग हळू आवाजात, "माया, उद्या काही निघालं तर नाव गोदावरीबाईंचं नाही येणार. तुझं येईल. आणि नुसतं नाव नाही येणार. म्हणतील, कुणाच्या हातात पाणी दिलं होतं बघा. आप्पा आज चांगले आहेत. उद्याचं मी सांगत नाही."
हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांच्या तोंडून ऐकायला नको होतं.
तरी दुपारी शेखभाईंना फोन लावला. सांगायचं ठरवून लावला.
"माल कैसा है भाई?"
"एकदम फस्क्लास बहन! आज भी कड़क है. हॉस्टेल को कल बी दो पेटी दिया. बाकी फ्रिज में रखा, जुम्मे तक आरामसे चलता."
मी म्हटलं, "अच्छा." म्हटलं, "ठीक है भाई." आणि ठेवला.
अच्छा म्हणाले मी! तोंडात शेण घालावं असं वाटतं स्वतःच्या.

२१ मार्च
मास्तर पहाटेच्या गाडीनं गेले. जाताना डोक्यावर हात ठेवला फक्त.
विहिरीचा अहवाल आला. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहिलंय: पिण्यास अयोग्य. लातूरला नेलेलं एक लेकरू परत आलं. दुसरं अजून तिथंच.
आज कापणी बंद ठेवली. टाकी दुरुस्तीचं कारण सांगितलं.
गो.मा. दारात आल्या. आत येईनात. "मला काढून टाकशील का?" मी म्हटलं, मावशी, बसा. बसल्या. रडायलाच लागल्या. "मी पानी वाचवलं बाई. चोरलं न्हाई." मग मीही. उलट त्याच मला म्हणतात, "तू कशाला रडूलालीस, तू तर सांगितलं होतंस."
सांगितलं होतं. एकदा. घाईत. आणि नंतर बघितलं का? दहा पावलांवर टब होता. टेबल सोडून एकदाही मी टबाकडं, ड्रमाकडं गेले नाही. का नाही गेले? आज दिवसभर हेच डोक्यात आहे.
गेले नाही, कारण ड्रम पाण्याचा होता.
मुदखेडजवळ माझं आजोळ. विहिरीवर आई कळशी घेऊन बाजूला उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर ओतलं. मी तिचा पदर धरून. आई म्हणायची, हात लावू नको, लांब उभी राहा. मी पाच-सहा वर्षांची असेन. पुढं शिकले, कृषीची पदविका घेतली, आठ बायकांची प्रमुख झाले. इथं मला कुणी अडवलं नाही. एकदाही नाही, खोटं का लिहू. गो.मा. माझ्या तांब्यातून पाणी पितात. पण कुणाच्या पिण्याच्या पाण्याशी जायचं म्हटलं की माझं पाऊल आपोआप थांबतं. म्हणून पाण्याचं काम पहिल्या दिवशीच मावशींना दिलं आणि स्वतःला सांगितलं, त्या चोख आहेत.
त्या चोखच आहेत. त्यांच्या हिशेबानं त्यांनी योग्य तेच केलं. सांगणारी मी होते, बघणारी मी होते, आणि मी लांब उभी राहिले.
कुणावर रागावू? राग येतोय हे खरं.

२२ मार्च
सकाळी सात. शेखभाईंना फोन. आज अच्छा म्हणायचं नाही असं तळहातावर पेनानं लिहिलं होतं, वेड्यासारखं.
सांगितलं. पाणी, टाकी, विहीर, गोळ्या. माझं हिंदी असं की अर्धं मराठीच गेलं.
मग, "कौनसा माल?"
"चौदह और पंद्रह. उसके बाद कुछ भेजा नहीं."
"परसों फोन करे थे ना तुम? तब मालूम था?"
"हौ."
"दो दिन, बहन." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
ठेवला.
आप्पांनाही सांगितलं. खाटेवर बसले होते, पेपर पुढ्यात. ऐकून घेतलं. "बाहेर बोलली न्हाईस ना कुठं?" म्हटलं, हैदराबादला बोलले. त्यांनी पेपर घडी केला, परत उघडला. मास्तरांचं बोलणं आठवलं आणि मान आपोआप खाली गेली माझी.

२२ मार्च, दुपार
शेखभाईंचा फोन. हॉटेलांचा माल त्यांनी स्वतः जाऊन उचलला, नाल्यात नाही, कचऱ्यात टाकला म्हणे. हॉस्टेलच्या मेसमध्ये एक पेटी उरली होती, ती पण. बाकीच्या खाऊन झाल्या होत्या. शेवटची काल रात्रीच्या जेवणाला.
विचारलं, सब ठीक है ना उधर?
"मेसवाला बोला, उसको कुछ मालूम नहीं. वार्डन मैडम छुट्टी पे थी, कल आती. नंबर देता मैं, तुम बात करो. मेरे से नक्को होता बहन. मेरा धंदा है उधर."
नंबर लिहून घेतला. पुढच्या मोसमाचं त्यांनी काढलं नाही, मीही नाही काढलं.
जेवण गेलं नाही. गो.मा.नी ताकात भाकरी कुस्करून दिली, दोन घास खाल्ले.

२३ मार्च
उद्या धुळवड. पाणी नाही म्हणून गावात रंग नाहीत, पोरं नुसती ढोलकी बडवून राहिली.
सकाळी दहापासून वार्डनबाईंचा फोन लागत नव्हता. बंद. बंद. मग व्यस्त. दर वेळी वाटायचं, न लागला तर बरं. आणि दर वेळी परत लावायची. गो.मा. शेजारी पोत्यावर बसून होत्या, हातात लिंग धरून, ओठ हलत होते.
साडेतीनला लागला. वयस्क आवाज, घाईतला. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, तालुका, जिल्हा. कुठला पाला, कधी आला, सगळं. "सलाद से किसी को तकलीफ तो नहीं हुई?"
त्या लिहून घेत होत्या, पेनाचा आवाज ऐकू येत होता. मग विचारलं, "पत्ता किस पानी में धोया?"
सांगितलं.
"वो पानी भरा किसने था? नाम बोलिए."
स्पीकरवर होता फोन. गो.मा.ना हिंदी येत नाही, पण 'पानी' आणि 'नाम' कळलं असणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं. बघणं असं, की लेकराला मारायच्या आधी लेकरू बघतं तसं.
"मैंने," मी म्हटलं. आणि माझं नाव परत सांगितलं, आडनावासकट. त्यांनी आडनाव दोनदा विचारलं, नीट लिहून घेतलं.
मग म्हणाल्या, "सुबह से दो लड़कियाँ क्लास नहीं गईं, कमरे में हैं. मैं सोची मेला-वेला घूमके थक गई होंगी. रुकिए. ऊपर जाके देखती हूँ. आप फोन चालू रखिए."
फोन कट झाला नाही. त्यांनी टेबलावर ठेवला असावा. पंखा ऐकू येतो. लांब कुठंतरी पोरी हसतात. चपलांचा आवाज जिन्यावरून वर गेला, मग थांबला.
अकरा मिनिटं झाली. बॅटरी कमी आहे. गो.मा. चार्जर आणायला आप्पांकडं पळाल्यात. मी एका हातात फोन धरून एका हातानं हे लिहून राहिले.